सुलवाड्याच्या पाण्यावर उचललेली फळी

वाऱ्याकडे बघायची सवय मला ब्राह्मणवेलला लागली. साक्री तालुक्यातल्या त्या पठारावर मी पवनचक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती करायचो, दोराला लटकून. आता धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. टाक्या, कूलरच्या बॉड्या, मच्छीमारांच्या होड्यांची डागडुजी, असं जे येईल ते. यंदा थंडीत शिरपूरकडचा एक पोरगा जे काम घेऊन आला, ते मात्र अजून डोक्यातून जात नाही.

तो गोव्याला वॉटर स्पोर्ट्सवर कामाला असतो. त्याच्याकडे साडेदहा फुटी स्टँडअप पॅडलबोर्ड होता, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी. त्यावर शीडही लावता येतं, मास्टच्या, म्हणजे शिडाच्या काठीच्या, बुडासाठी मधोमध 8 मिलिमीटर बोल्टचा आटा बसवलेला असतो. त्याला या फळीखाली फॉइल लावायचं होतं. फॉइल म्हणजे पाऊण मीटरचा ॲल्युमिनियमचा खांब, त्याच्या टोकाला आडवी दांडी, दांडीला पुढे मोठा पंख आणि मागे लहान. वेग आला की पंख फळीला माणसासकट पाण्याबाहेर उचलतो. ज्याने पात्यांवर काम केलंय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. पात्याला वारा उचलतो, पंखाला पाणी, आणि पाणी हवेच्या आठशे पट जड.

माझ्याकडे येण्याआधी त्याने दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं होतं. फळी उलटी केली आणि अंगठ्याने दाबली तर बूड आत गेलं. कापून बघितलं तर आतल्या थर्माकोलला पाव शेर साखर मावेल एवढा खड्डा, आणि कडा वितळून घट्ट झालेल्या. त्या माणसाने साधं पॉलिस्टर रेझिन ओतलं होतं. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळायला हवं. वर काचधाग्यांची मॅट लावलेली. मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये, नीट विरघळत नाही. म्हणजे उद्या कोणी शहाणपणाने नुसतं रेझिन बदललं असतं, तरी ती मॅट भिजली नसतीच. टाक्या करणाऱ्यांचा राग येतो तो इथे: टाकीत चालतं ते सगळीकडे चालतं असं धरून ते गिऱ्हाइकाचे पैसे घेतात.

थर्माकोल ओला होता. फळी पत्र्याच्या शेडमध्ये टांगली आणि रोज वजन केलं. वजन उतरायचं थांबल्यावरच हात लावला. मग राउटरने, म्हणजे कोरायच्या मशीनने, खालपासून डेकपर्यंत, म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूपर्यंत, आरपार चौकोन कापला. त्यात जड पीव्हीसी फोमचा ठोकळा इपॉक्सीत एरोसिल, म्हणजे रेझिन दाट करणारी पूड, कालवून बसवला. असा फोम पात्यांच्या आतही असतो. ठोकळा आरपार हवा, कारण चार बोल्टवर माणसाचं वजन येतं आणि त्याला पाऊण मीटरच्या खांबाचा पीळ असतो. नुसत्या थर्माकोलवर ट्रॅक, म्हणजे फॉइलचे बोल्ट धरणाऱ्या खाचेच्या पट्ट्या, चिकटवला तर पहिल्याच हिसक्यात उखडेल. ट्रॅकच्या दोन पट्ट्यांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 90 मिलिमीटर, जगभर तेवढंच धरतात. त्यात बोल्टचे टी-नट सरकतात, म्हणून फॉइल पुढेमागे घेता येतं. वर तिरक्या विणीच्या काचकापडाचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा मोठा, म्हणजे ताण एका रेषेवर न येता पायऱ्यापायऱ्यांनी पसरतो. डेकच्या बाजूनेही तसंच.

धुळ्याच्या थंडीत इपॉक्सी लवकर धरत नाही. हाताखालचा पोरगा म्हणाला, "शेठ, हार्डनर थोडं जास्त टाकू?" पॉलिस्टरला कॅटॅलिस्ट वाढवून घाई करता येते, त्याची सवय तीच. इपॉक्सीला प्रमाण म्हणजे प्रमाण. हार्डनर वाढवलं तर ते कायमचं मऊ राहतं. मी त्याला वजनकाट्यासमोर उभं केलं आणि फळीवर हॅलोजन लावून रात्रभर ऊब दिली.

पाण्यात उतरायला सुलवाडे बॅरेजच्या वरच्या अंगाची तापी निवडली. अडवलेलं पाणी, पात्र रुंद, खोली पुरेशी. एका मच्छीमार काकांची होडी सोबतीला घेतली आणि जाळी कुठे टाकलीत ते आधी त्यांच्याकडून समजून घेतलं. पंख जाळ्यात अडकला तर जाळं जातं आणि माणूस तोंडावर पडतो. पोराला हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय मी उतरू दिलं नाही. पंखाच्या कडा धारदार असतात. फळी गाडीवरून उतरवताना तिचा हवेचा स्क्रू मी स्वतः सैल केला, कारण फेब्रुवारीतलं दुपारचं ऊनही आतली हवा फुगवून थर सोडवू शकतं. पाण्यात उतरायच्या आधी तो परत आवळला.

वारा मोजला: सेकंदाला चार मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही नाही. एवढ्यावर पवनचक्की नुकती फिरायला लागते. काका म्हणाले, "वारा ते शेच नही ना भाऊ!" माझा कागदावरचा हिशोब असा होता: पोरगा सत्तर किलोचा, वर फळी, शीड आणि फॉइल. समोरच्या पंखाचं क्षेत्रफळ 2000 चौरस सेंटिमीटर. उचलायला ताशी बारा किलोमीटरच्या आसपास वेग हवा. आणि साडेदहा फुटी फळी बूड टेकवून चालते तेव्हा आठच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते. मधले चार किलोमीटर कुठून आणायचे, हाच हलक्या वाऱ्यातला सगळा प्रश्न.

सुरुवातीला फळी नाक खाली घालून नुसती पाणी कापत राहिली. वारा चारच्या वर गेला तरी तेच. मी त्याला काठाला बोलावलं, बोल्ट ढिले केले आणि फॉइल दोन बोटं पुढे सरकवलं, म्हणजे उचल नाकाकडे जाईल. तो परत निघाला तेव्हा वारा उलट आणखी कमी झाला होता. मीटरवर साडेतीन. मी होडीत बसून आज काही होत नाही असं धरून चाललो होतो. त्याने शीड पंख्यासारखं स्वतःकडे ओढून ओढून सोडायला सुरुवात केली, गुडघे दाबत, आणि बुडाखालचा चपचप आवाज अचानक बंद झाला. फळी वीतभर वर होती. काका ओरडले, "फयी वर उनी! फयी वर उनी!"

वर गेल्यावर वेग एकदम वाढला, कारण पाण्यात घासायला बूडच उरलं नाही. चालण्याने समोरचा वारा वाढतो, म्हणून त्याला शीड आणखी आत ओढावं लागलं. बॅरेजच्या दिशेने शे-दीडशे फूट तो तसा गेला, मग लांब नाक आपटलं. मला त्या ओरडण्याचा जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात फार थोड्या कामांनी दिलाय. काठावर आणल्याबरोबर मी फळी उलटी केली आणि रुपयाच्या नाण्याने ठोकळ्याभोवती ठोकून बघितलं. थर सुटला असेल तर आवाज बसका येतो. सगळीकडे आवाज एकसारखा, टणक.

अडकलं ते रात्री, मोबाइलवरचा व्हिडिओ बघताना. आधी त्याचा मागचा पाय ट्रॅकच्या पुढे आहे. उचलली तेव्हा ट्रॅकच्या बरोबर वर, अगदी मागे सरकलेला. मी फोन केला तर म्हणतो, "काका, पाय आपोआप मागे गेला." म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. फॉइल पुढे आलं म्हणून उचललं, की वजन मागे गेलं म्हणून? पहिलं असेल तर फळी तयार आहे. दुसरं असेल तर मास्टचं बूड त्या पायाच्या मानाने फार पुढे आहे, दुसरा आटा मागे बसवावा लागेल आणि डेक पुन्हा कापावा लागेल. पाय सरकवल्याचं त्याने काठावरच सांगितलं असतं, तर उरलेल्या उजेडात मी ते बघून घेतलं असतं. पाण्यावरच्या पोरांना पाय आणि हात काय करतात ते सांगता येत नाही, नुसतं "झालं" एवढंच येतं.

तो फळी गोव्याला न्यायला आतुर आहे. मी अजून दिलेली नाही. डेकवर मागच्या पायासाठी पांढऱ्या टेपच्या पट्ट्या मारल्यात, ट्रॅकवर मार्करने खुणा केल्यात. पुढच्या वेळी फॉइल पहिल्या जागी, पाय मागे, आणि वारा चारच्या आतच. तसं उचललं तर डेक कापायचा. ते काम उन्हाळा लागायच्या आत उरकायला हवं, मेमध्ये माझ्या पत्र्याखाली इपॉक्सी डब्यातच तापून धूर सोडतं.