बाळ रडलं की माझे दात आवळायचे

लिहू की नको करत चार महिने गेले. आज पोरगी झोपलीय, सासूबाई वावरात गेल्यात, लाईट पण आहे, म्हणून बसले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडून आत. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही त्याच तालुक्यात. पोरगी झाली तेव्हा कापसाचा सीझन जोरात होता आणि भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवायचा हे विदर्भातल्या माणसाला काही वेगळं सांगायला नको, एक अख्खी खोली वरपर्यंत पांढरी. माझी बाज त्याच्या बाजूच्या खोलीत. शेक, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर चालू होतं. मला फक्त झोप नव्हती. पोरगी झोपली तरी मी जागी, कान दाराच्या कडीकडे.

बाराव्या की तेराव्या रात्री ती खूप रडली आणि माझा हात तिच्या तोंडावर गेला. दाबला नाही, पण गेला, आणि थोपटायला नाही, चूप करायला गेला हे मला त्याच क्षणी कळलं. पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि तशीच अंगणात निघून गेले, भर थंडीत, डोक्याला काही न बांधता. आई मागून ओरडली, "काहून बाहेर निंगाली व, वारं लागन ना!"

तो हात कुठून आला ते मला माहीत होतं. मी सात वर्षांची होते तेव्हा भाऊ तान्हा होता. बाप पिऊन यायचा, आईला मारायचा, आणि लेकराचं रडणं ऐकू आलं की जास्त पिसाळायचा. कडी वाजली की मी भावाला उचलून कापसाच्या खोलीत शिरायची, ढिगात खड्डा करून बसायची आणि त्याच्या तोंडावर हात ठेवायची. किती वेळा केलं असेल ते मोजलेलं नाही. बाप जाऊन आता अकरा वर्षं झाली, त्या घरात कोणी कोणावर हात उगारत नाही, तरी तान्हं लेकरू रडलं की माझ्या अंगाला अजून तेच वाटायचं, की आता कोणीतरी येणार.

आशाताई यायच्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या सहा भेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पिते का, सगळं मन लावून बघायच्या. मलाही विचारायच्या, अंगावरून जास्त जातं का, ताप वगैरे. मी म्हणायची सगळं बरं आहे. त्यांचा दोष नाही हो, मीच सांगितलं नाही, आणि असं काही सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात नवऱ्याने बळेच सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. तिथल्या मॅडमनी आधी १० प्रश्नांचा कागद भरून घेतला. एडिनबर्ग स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला वापरतात. त्यातले सगळे प्रश्न मागच्या ७ दिवसांबद्दल असतात. माझं दुखणं बावीस वर्षं जुनं. पण मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि अकरावा प्रश्न स्वतःच्या मनाने विचारला, "लहानपणी घरी कसं होतं?" मग मी जी रडायला लागले ते बाहेरची लाईन संपेपर्यंत थांबले नाही.

त्यांनी मला समजावलं की लहानपणी घरात मारहाण, व्यसन असं पाहिलेल्या माणसाच्या मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, जरा जास्तच सावध राहायला शिकतो. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १७ हजारांवर मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला आले, आणि लहानपणीचे असे घाव जितके जास्त तितका पुढे डिप्रेशनचाच नाही तर हार्टच्या आजाराचाही धोका जास्त असं त्यात दिसलं. मला ऐकून भीती वाटायला पाहिजे होती, उलट हलकं वाटलं. म्हणजे हे माझे नखरे नव्हते, मी वाईट आई पण नव्हते.

अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या आणि समुपदेशन आधी सुरू झालं. न्यूरोफीडबॅक, म्हणजे आपल्याच मेंदूच्या लाटा स्क्रीनवर बघत मेंदूला शांत व्हायला शिकवणं, ते नंतर, पोरगी पाच महिन्यांची झाल्यावर, नागपूरला एका खासगी ठिकाणी. खर्च भावाने केला. तो पुण्याला कंपनीत आहे, मी नको नको म्हणत असताना त्याने पैसे पाठवून दिले.

पहिल्याच दिवशी भांडण तेलावरून! डोक्याला तेल असलं की इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला चिकटवायची छोटी वाटी, नीट पकडत नाही, म्हणून केस धुऊन या म्हणाले, आणि सासूबाई म्हणे बाळंतिणीच्या टाळूवर तेल नाही म्हणजे काय. शेवटी सकाळी पाच वाजता पाणी तापवून डोकं धुतलं, केस वाळवले आणि एसटी पकडली. आई सोबत, पोरीला सांभाळायला.

करंट वगैरे काही देत नाहीत, हे आधी सांगते कारण गावात तीच अफवा उठली होती. मशीन फक्त ऐकते. उजव्या कानाच्या वर चिकट पेस्टने एक छोटी वाटी चिकटवतात, कानाच्या पाळ्यांना चिमटे, आणि मेंदूतल्या विजेच्या बारीक लाटा समोर स्क्रीनवर येतात. मला नदीचा एक व्हिडिओ लावून दिला होता. फार जलद लाटा वाढल्या की चित्र अंधारतं, कमी झाल्या की उजळतं. करायचं काय तर काहीच नाही, बघत बसायचं. मी जोर लावला की अंधार. कंटाळून सोडून दिलं की नदी उजळ.

तिसऱ्या वेळी दाराबाहेर पोरगी रडली. एका सेकंदात माझा ब्लाऊज दुधाने ओला झाला आणि स्क्रीनवरच्या रेघा अशा उडाल्या की मीच घाबरले. टेक्निशियन ताई शांतपणे म्हणाली, "हे मेंदूचं नाही हो, हे जबड्याचं आहे, दात सोडा." मी दात आवळलेत हे मला माहीतच नव्हतं! खरंच सांगते, कापसात बसल्यापासून मी दात आवळूनच बसले असणार. सोडले तर रेघा खाली आल्या, पोरगी बाहेर रडतच होती, आणि मी पहिल्यांदा ते रडणं नुसतं रडणं म्हणून ऐकलं. भूक लागली असेल, एवढंच.

वाचायची सवय आहे म्हणून मी यावर बरंच वाचलं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन या संशोधकांनी मांजरींवर हे केलं होतं, ठरावीक लाट आली की मांजरीला दूध मिळायचं, आणि मांजरी ती लाट आणायला शिकल्या. बक्षिसाने मेंदू शिकतो एवढीच सगळी गोष्ट. जुन्या आघाताच्या त्रासावर बेसेल व्हॅन डर कोल्क या अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात ५२ जण होते, ट्रेनिंग २४ सेशनचं, आणि घेणाऱ्यांचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा बराच कमी झाला. पण माणसं थोडी, आणि दुसरा गट नुसता वाट बघत थांबलेला, त्यामुळे गुण मशीनचा किती आणि कोणीतरी आठवड्यातून दोनदा आपल्याकडे लक्ष देतं त्याचा किती हे त्यावरून वेगळं करता येत नाही. माझ्या बाबतीतही तेच म्हणेन. गोळ्या, मॅडमशी बोलणं आणि हे, तिन्ही मिळून फरक पडला. कोणी गोळ्या बंद करा, नुसतं मशीन करा म्हणत असेल तर ऐकू नका, आणि कर्ज काढून तर हे अजिबात करू नका.

माझी २० सेशन झाली. आता हात तोंडाकडे जात नाही. दात अजून आवळतात, पण मला कळतं.

नववं की दहावं सेशन करून परत येताना, एसटीत, पोरगी आईच्या मांडीवर झोपलेली, मी आईला पहिल्यांदा कापसाच्या खोलीचं सांगितलं. वाटलं तिला धक्का बसेल. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मले मालूम होतं. त्या खोलीची कडी मीच काहाडून ठेवत होती, तुमी लपले पाहिजे म्हणून." मग यवतमाळ येईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही, तिने माझा हात मात्र सोडला नाही. आईला कोणत्या कागदावर कोणी काय विचारलं असेल कधी? आता तिला मी मॅडमकडे नेणार आहे, नाही म्हणते पण नेणार.

नागपूर सगळ्यांना जमत नाही हे मला कळतं. ज्या बाळंतिणीला माझ्यासारखं होत असेल तिने १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री अडीचला लावला होता, गोठ्याजवळ उभी राहून, आणि पलीकडच्या बाईने आधी विचारलं, बाळ कोणाजवळ आहे? मी म्हटलं आईजवळ. ती म्हणाली, बरं, मग सांगा सावकाश.