तुम्ही विचारलंत म्हणून

"घिसाड्यायले वावरात उतरू काऊन देतं? भीती नाही वाटत?" मिरगाच्या आधी माझ्या धुऱ्यावर घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं पडली की हा प्रश्न आलाच. भाऊ विचारतो, शेजारचे विचारतात, यंदा बँकेतल्या बाईंनीही विचारलं. "वखराची पास पाजवायला यवतमाळला कोण जाईल," असं सांगून मी मोकळी होते. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही.

भीती मलाही होती. बुढी सांगायची, "त्यायच्या गाठोड्यात पोट्टे असतेत. रडू नये म्हून जिभेले चटका देतेत."

चौथीत होते. आखरावर, गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, पालं पडली आणि दुपारभर आवाज यायला लागला: ठण्ण, ठण्ण, ठक. घणाचा ठण्ण कळत होता. तो बारीक ठक कशाला, ते कळेना. चार दिवस त्यानं जीव खाल्ला. पाचव्या दिवशी बुढीचा विळा घेतला आणि गेले.

म्हातारा जमिनीवर ऐरणीपुढे बसलेला, समोर दोन बाया घण घेऊन उभ्या. तो हातोडीनं जिथे ठक करी, तिथेच पुढचा घण पडे. जागा दाखवत होता. बस, एवढंच होतं ते!

माझ्याएवढी पोरगी सायकलच्या चाकाचा भाता फिरवत होती. ती सरकली, मी बसले. मी जोरात फिरवला तशा लोखंडातून फुलबाज्या उडाल्या आणि म्हातारा ओरडला, "जळलं ना!" पोरगी हसली. मग त्यानं विळा घेतला. तापवून, ठोकून नुसती धार पाण्यात बुडवली, पाठ तापलेलीच ठेवली. दगडानं धार घासून चकचकीत केली आणि मला बोटानं दाखवलं: बघ. पाठीकडून पिवळा रंग सरकत येत होता, वाळल्या काडीसारखा. तो धारेला लागला आणि निळा पडायच्या आत म्हाताऱ्यानं अख्खा विळा बादलीत सोडला. चर्र झालं.

तेवढ्यात बाबा आले. मागे चार-पाच जण, दोघांकडे काठ्या.

"यायनं आनलं काय व तुले?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडानं शब्द बोलले नाही. नुसती मान. घरी मार पडणार होता, तो चुकवायचा होता. कुणीतरी भात्याच्या चाकाला लाथ मारली. कुणी बादली उचलून भट्टीवर ओतली, त्यातला विळा राखेत पडला. म्हातारा माझ्याकडे बघत होता, रागानंही नाही. ती पोरगी पालाच्या आत गेली. दिवेलागणीला आखर रिकामं होतं. अर्ध्या गावानं पासा, कुऱ्हाडी पाजवून घेतल्या होत्या, त्याची ज्वारी उद्या द्यायची होती. ती कुणी दिली नाही.

आमच्या घरात ही गोष्ट आजही "घिसाड्यांनी विळा नेला" अशी सांगतात.

आणि मी? मी ती कॉलेजात "मी लहानपणी पालावर गेले होते" अशी सांगायची, मान हलवलेली तेवढी गाळून. टाळ्या मिळायच्या. नऊ वर्षांची होतीस, असं स्वतःला समजावते कधीकधी. पण नऊ वर्षांच्या पोरीला भाता फिरवता येतो तर "मीच आली" म्हणता येत नाही?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत आलेले. त्यातला एक जण लहान मुलीशी बोलायला गेला, एवढं निमित्त झालं, असं छापून आलं होतं. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. पेपर घडी करून ठेवला, दोन दिवस उघडला नाही.

म्हणून उतरू देते का? माहीत नाही. मी काही संत नाही. ते आले की मोटारपंपाची केबल रात्री गुंडाळून घरी आणते, हे भावालाही माहीत नाही. मागच्या वर्षी त्यांनी न विचारता धुऱ्यावरची बाभूळ तोडली तेव्हा चांगली भांडलेही.

यंदा त्यांच्यातल्या एकानं पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी मदत मागितली. भटक्या जमातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. गाडीवर जन्मलेल्या आज्याचा पुरावा कुठून आणायचा? "आमचा आजा तुमच्या आखरावर यायचा, बाई. कोणी जुनं माणूस लिहून देईल का?" तो म्हाताराच याचा आजा का, ते मी विचारलं नाही. विचारवलं नाही.

जुनं माणूस म्हणजे बाबाच. ऐंशीच्या पुढे आहेत, पण सगळं आठवतं. परवा विषय काढला.

"कोन घिसाडी? ते इळा नेल्लेले?"

मी "हो" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले.