ड्रेसिंग टेबलवर झोपलेली मुलगी

मी ठाण्यात प्लास्टिक सर्जरी करते. लोकांना वाटतं नाक सरळ करणं आणि चरबी काढणं एवढंच काम असतं, पण माझे जास्तीत जास्त तास जातात ते भाजलेल्या हातांमध्ये, मशीनमध्ये सापडलेल्या बोटांमध्ये आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांमध्ये. आज लिहितेय ती एका शनिवारची गोष्ट, त्यातल्या पेशंट मुलीला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगी एमबीबीएस सेकंड इयरची, मराठवाड्यातली, नवी मुंबईत हॉस्टेलवर राहणारी. रात्री जागायचं म्हणून चहाला लावलेली इलेक्ट्रिक केटल डाव्या हातावर उलटली, मनगटापासून वर साधारण 2 टक्के भाजलं. (पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा अंदाजे 1 टक्का, असं आम्ही मोजतो.) टक्के कमी, पण खोल होतं, आपोआप भरणारं नव्हतं. म्हणून मांडीवरची पातळ कातडी काढून हातावर लावली, त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. पाचव्या दिवशी उघडलं तर ग्राफ्ट मस्त धरलेला, गुलाबी, मी एकदम खूश.

त्रास दिला तो मांडीने. जिथून कातडी काढतो त्याला आम्ही डोनर साइट म्हणतो आणि पेशंट नेहमी सांगतात की भाजलेल्या जागेपेक्षा ती जास्त दुखते, आणि ते खरंच आहे, कारण नसांची टोकं उघडी पडतात. पण ती भरते बरं का, आपोआप भरते. आपण फक्त वरचा थर काढलेला असतो, केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खाली तशाच असतात, त्यातल्या पेशी बाहेर येऊन पसरतात आणि दोनेक आठवड्यांत नवी कातडी तयार होते. हिची चौदाव्या दिवशीही ओलीच. जंतू आहेत का बघायला स्वॅब लॅबला पाठवला, काही वाढलं नाही. शुगर नॉर्मल, हिमोग्लोबिन जरा कमी पण फार नाही. मी प्रोटीन पावडर लिहून दिली आणि म्हटलं, अगं डबा नीट खात जा.

त्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, "मॅम, डाग राहीलच का? ते एनग्रेल्ड-वनचं वाचलं मी." मला इतकं बरं वाटलं! सेकंड इयरची मुलगी आणि 2021 चा 'सायन्स' या जर्नलमधला संशोधनाचा पेपर वाचून आलीये. स्टॅनफर्डच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं होतं की जखमेवरची कातडी ओढली जाऊन ताण आला की काही पेशींमध्ये एनग्रेल्ड-वन हा जीन चालू होतो आणि त्या पेशी व्रण तयार करायला लागतात. मग डोळ्यांच्या आजारात वापरतात ते व्हर्टेपोर्फिन देऊन तो ताणाचा निरोप मध्येच अडवला, तर व्रणाच्या जागी केस आणि ग्रंथींसकट कातडी आली. मी तिला दहा मिनिटं उत्साहाने समजावलं की हे उंदरांचं आहे, आपल्या ओपीडीत असं इंजेक्शन नाही, तुझा डाग राहणार पण प्रेशर गारमेंट (डाग दाबून ठेवणारा घट्ट कपडा) आणि सिलिकॉनने तो मऊ होईल. सगळं बोलले. हे तू कधी वाचलंस, रात्री किती वाजता वाचलंस, एवढं मात्र विचारलं नाही.

आणि अजून एक चूक, ती जास्त मोठी. तिला मेडिकल सर्टिफिकेट मी दहाच दिवसांचं दिलं होतं. ती म्हणाली होती अजून थोडे दिवस मिळतील का, तर मी म्हटलं हात छान आहे, कॉलेज चालू कर, पडून राहून काय करणार. हे मी सहज बोलून गेले, ती मुकाट्याने हो म्हणाली.

तर तो शनिवार. ऑपरेशनपासून एकविसावा दिवस. ती ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहून आली, चेहरा राखेसारखा. मांडीला गॉज चिकटलेला होता, सिस्टरने सलाइन ओतून भिजवत ठेवला. चिकटलेला गॉज कच्च्या जखमेवरून सोडवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच माहिती, दणकट माणसं टेबलाची कड धरून ओरडतात. मी हळूहळू सोडवत होते, रक्ताचे बारीक ठिपके येत होते आणि ही काहीच बोलेना. हूं नाही की चूं नाही. मी वर बघितलं तर डोळे मिटलेले, मान एका बाजूला. माझ्या पोटात गोळाच आला. नाडी धरली, व्यवस्थित. श्वास व्यवस्थित. हाक मारली तर "हं" म्हणाली आणि पुन्हा गेली.

ती झोपली होती. त्या वेदनेत झोपली होती.

आमच्या सिस्टर बावीस वर्षं ड्रेसिंग करतायत, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, झोपू द्या लेकराला." मग आम्ही जखम झाकली, अंगावर चादर घातली, बाकीची ड्रेसिंग बाजूच्या खोलीत केली. ती पावणेचार तास झोपली.

मी ओपीडी करत होते पण डोक्यात तेच. आणि मला एकदम आठवलं, पीजीला असताना जर्नल क्लबमध्ये मीच मांडलेला पेपर. 1998 चा, ओहायो स्टेटचा. त्यांनी 11 डेंटल स्टुडंट्सच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. तीच मुलं, तेवढीच जखम. परीक्षेच्या वेळी भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे 40 टक्के जास्त वेळ, आणि एकाचीही जखम सुट्टीइतकी लवकर भरली नाही. इंटरल्यूकिन-वन बीटा म्हणून एक रेणू असतो, जखमेवर सुरुवातीला धावून येणाऱ्या पेशींना बोलावणारा. तो बनवण्याचा जीनचा निरोप परीक्षेच्या वेळी 68 टक्के कमी झालेला. जीन काही बदललेला नसतो. आपल्याकडे पाण्याची लाइन प्रत्येक सोसायटीत गेलेली असते, पण पालिकेचा चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवेल तेव्हाच नळाला पाणी, तसंच हे. टेन्शनमध्ये अंगात वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक पेशीच्या आत जातं, केंद्रकापर्यंत पोचतं आणि असले बरेच व्हॉल्व्ह आवळून टाकतं. थोडा वेळ असेल तर ते गरजेचंच असतं, आठवडेच्या आठवडे चाललं की जखमेपर्यंत पाणीच येत नाही.

11 जणांचा छोटा अभ्यास आहे, मान्य. आणि हिची मांडी फक्त टेन्शनने भरली नाही असं मी म्हणणार नाही, ती जेवतही नव्हती, लोकलमध्ये उभं राहून मांडीवर घासतही होतं. पण मी शुगर विचारली, प्रोटीन विचारलं, झोप विचारलीच नाही, हे मला खरंच लागलं.

उठली तेव्हा आधी घाबरली, लेक्चर गेलं म्हणून. सिस्टरनी आपल्या डब्यातली पोळी आणि मटकीची उसळ तिच्यापुढे ठेवली, ती खाता खाता रडायला लागली आणि मग एकेक बाहेर आलं. परीक्षेला बसायला थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, ती भाजल्यामुळे खाली आलेली. इंटरनल तोंडावर. रात्री तीन तास झोप, तीसुद्धा लाइट लावून. घरी भाजल्याचं सांगितलं होतं, ऑपरेशनचं नाही, कारण एक वर्ष ड्रॉप घेऊन मेडिकलची 'नीट' परीक्षा दिलेली, वडिलांनी कर्ज काढलेलं. मी सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मरावंसं नाही वाटत मॅम, पण सकाळी उठूच नये असं वाटतं."

हे ऐकून मी तिला एकटीला लोकलने पाठवणं शक्यच नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सायकियाट्रिस्टना फोन केला, त्या घरी निघाल्या होत्या, परत आल्या, तासभर बसल्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तिच्या आणि तिच्या रूममेटच्या, दोघींच्या फोनमध्ये सेव्ह केला. तिच्या परवानगीने आईला फोन लावला. मला वाटलं होतं माऊली ओरडेल, तिने एवढंच विचारलं, "बाई, पोरगी जेवली का?" आई रविवारी पहाटे ठाण्यात हजर. मी नवीन सर्टिफिकेट लिहिलं, तीन आठवड्यांचं, आणि कॉलेजच्या एका प्राध्यापकांशी स्वतः बोलले.

पुढचे अकरा दिवस ती आईबरोबर कळव्याला मावशीकडे राहिली. गोळ्या, समुपदेशन, भाकरी, अंडी, झोप. बत्तिसाव्या दिवशी गॉज आपोआप सुटून आला, खाली कोरडी गुलाबी कातडी. सिस्टरनी फाइलवर "हील्ड" लिहिलं.

मी तिला तो 1998 चा पेपर वाचायला दिला होता, म्हटलं दुपारी वाच, रात्री नाही. परत करताना ती म्हणाली, "मॅम, त्या अकरा जणांना परीक्षेच्या वेळी कुणी विचारलं असेल का, तुम्ही बरे आहात का?" मी तिच्याकडे बघतच राहिले. सिस्टर ट्रे आवरत होत्या, त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं, झोप 7 तास.