फक्त सकाळी शॉक मारणारा फ्रिज

फ्रिज शॉक मारतो, पण फक्त सकाळी. नाशिकरोडच्या जेलरोड भागातल्या एका काकांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली. काका प्रेसमधून रिटायर झालेले, हाताने काम करायची भारी हौस. घरात स्वतःचं ड्रिल मशीन, पाइप कटर, पान्यांची पेटी, सगळं. असं गिऱ्हाईक आम्हा वायरमनांना एरवी जरा जडच जातं, कारण अर्धं काम त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं आणि ते कुठलं, हे आपल्याला शोधावं लागतं.

फ्रिजवाला येऊन गेला होता. दुपारी आला, बॉडीला टेस्टर लावला, पेटला नाही. "ओल्या हाताने धरत असाल," असं काकूंनाच सुनावून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. काकू ऐकायला तयार नव्हत्या. "अहो दादा, सकाळी दुधाचं पातेलं काढताना दाराच्या बिजागराला हात लागला की झिणझिण्या येतात. मला काय वेड लागलंय?" आणि मग बोलता बोलता, अगदी सहज, म्हणाल्या की बाथरूमच्या नळालाही मुंग्या येतात.

तिथे माझे कान टवकारले. डिसेंबर चालू होता. निफाडचा पारा उतरला की नाशिकरोडलाही गरम पाण्याशिवाय कोणी आंघोळीला जात नाही. सकाळ म्हणजे गिझर. मी काकांना म्हटलं, गिझरचा स्विच बंद ठेवा, प्लगही काढून ठेवा, मी येतोय.

काकांनी दारातच शंका काढली. "नळाला शॉक कसा येईल? सगळी लाइन मी दिवाळीत सीपीव्हीसीची टाकलीय. प्लास्टिकमधून करंट जातो होय?" पाइपमधून नाही जात, पाण्यातून जातो. त्यांच्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी, ते तर आणखीच वाहतं. गिझरच्या टाकीत करंट उतरला तर पाइपभर पाण्यातून नळापर्यंत दोन-चार मिलिअँपिअर सहज पोचतो. माणूस मरत नाही तेवढ्याने, पण हाताला कळतं. खरा धोका गिझरच्या धातूच्या टाकीला आणि तिला जोडलेल्या स्टीलच्या कनेक्शन पाइपला. ओल्या अंगाने कोणी तो धरला असता तर मला फ्रिजसाठी बोलावणं आलंच नसतं.

पण फ्रिजचं काय? तो स्वयंपाकघरात, गिझर बाथरूममध्ये, दोघांचे बोर्ड वेगळे.

मल्टिमीटर लावला. गिझर बंद असताना फ्रिजच्या प्लगपाशी फेज (करंट आणणारी तार) आणि अर्थ (गळलेला करंट जमिनीत नेणारी तार) यांच्यात २३० व्होल्ट दाखवत होता. हे बघून बरेच जण "अर्थ ओके" म्हणून निघून जातात. सगळ्यांना लांब उभं करून मी गिझर चालू केला आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ यांच्यात मोजलं. तिथे दोन-तीन व्होल्ट असायला हवेत. होते दीडशेच्या वर! गिझर बंद केला, खाली आले. पुन्हा चालू केला, पुन्हा चढले. काका माझ्या खांद्यावरून मीटरमध्ये डोकावत होते. पहिल्यांदाच गप्प.

मग घरातले सगळे प्लग काढले आणि जुना शंभर वॅटचा बल्ब घेऊन टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थला लावला. मीटरला २३० दाखवणाऱ्या त्याच अर्थवर बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. मीटरला नावापुरता करंट लागतो, बल्बला जवळजवळ अर्धा अँपिअर. नावापुरता अर्थ बल्बसमोर लगेच उघडा पडतो. (प्लग मात्र आधी काढायचेच. अर्थ तुटलेला असेल तर या टेस्टमध्ये थ्री पिनला लावलेल्या प्रत्येक वस्तूची बॉडी जिवंत होते. घरच्या घरी हा प्रयोग करू नये, हे काकांना दोनदा सांगितलं, कारण त्यांचे डोळे चमकले होते.)

अर्थची तार धरून मागे मागे गेलो. विजेच्या मीटरच्या बोर्डातून ती भिंतीबाहेर निघून मागच्या अंगणात उतरली होती. तिथे धुण्याच्या दगडाशेजारी, शेवाळलेल्या भिंतीतून वीतभर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा तुकडा बाहेर आलेला. त्यावर जुना क्लॅम्प, नटबोल्ट गंजून एकजीव झालेले, आणि क्लॅम्पमध्ये आमची तार अगदी घट्ट. हलवून पाहिली, तसूभर सरकली नाही. जोड उत्तम. फक्त तो पाइप पुढे कुठेच जात नव्हता. टोक कापलेलं, काप ताजाच.

"हा तर मीच कापला," काका म्हणाले. "सडला होता. त्याच्या शेजारून नवीन लाइन नेली."

पूर्वी घर बांधताना पाण्याच्या पाइपलाच अर्थ बांधायची सर्रास पद्धत होती. जमिनीत गाडलेला लांबच लांब लोखंडी पाइप, अर्थ छान मिळायचा. प्लंबिंग बदललं की तो गेला, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दिवे-पंखे तसेच चालू राहतात. काकांचं प्लंबिंग, खरं सांगतो, पैसे घेणाऱ्यालाही लाजवील इतकं नीट होतं.

फ्रिजचं कोडं तिथेच सुटलं. गिझरची कॉइल क्षाराने फुटून गळत होती, किती दिवसांपासून देव जाणे. तोवर ती गळती पाइपवाटे जमिनीत मुरत होती. पाइप कापल्यावर तिला जायला जागा उरली नाही. मग अर्थची हिरवी तारच गिझरचा करंट घरातल्या प्रत्येक थ्री पिनच्या बॉडीपर्यंत पोचवू लागली. फ्रिजवाला दुपारी आला, तेव्हा गिझर बंद. त्याला काय दिसणार?

गिझर सोडवून कॉइलला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, काटा शून्याला टेकला, म्हणजे इन्सुलेशन संपलेलं. कॉइल बदलायला सांगितली.

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकू का? शेजारच्यांनी केलंय." अजिबात नाही. न्यूट्रल कुठे सुटला तर घरातली प्रत्येक बॉडी सरळ २३० वर जाते. शेजाऱ्यांकडे जाऊन तो जोड मीच तोडून आलो, पैसे न घेता.

अंगणात खड्डा घ्यायला घेतला तर हातभर खाली मुरूम. पहारीने मजुराचा जीव काढला. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटरचा जीआय पाइप उभा गाडला, मीटरपर्यंत नवी तार ओढली. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला करंट पूर्ण परत आला नाही की लाइन तोडणारा स्विच. बोर्डावरचा नेहमीचा एमसीबी अशी गळती पकडत नाही. त्याचं लक्ष ओव्हरलोड आणि शॉर्टकडे, दहा-वीस मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीत नाहीत. माणसाला मारायला मात्र तीस-चाळीस पुरतात. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे काम काकांकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन: आरसीसीबी सारखा पडतोय. पण काकांनी तोवर एकेक एमसीबी पाडून शोधूनही काढलं होतं. जिन्यातला दिवा लावला की पडतो. वर भाडेकरू, त्यांचं मीटर वेगळं. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मीटरचा आणि न्यूट्रल वरच्या मीटरचा. गेलेला करंट परत खाली येतच नव्हता, म्हणजे आरसीसीबीच्या हिशेबी ती गळतीच. एवढासा एलईडी बल्ब, पण तेवढं पुरलं. न्यूट्रल खालच्या बोर्डावर घेतला, थांबलं.

वरच्या मीटरलाही आरसीसीबी लावायचा का, यावर आमचं अजून जमलेलं नाही. काका म्हणतात, वर गिझर नाही. मी म्हणतो, वॉशिंग मशीन आहे.