परीक्षा नसताना केमिस्ट्री वाचायची म्हटलं तर: माझा अनुभव

अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव आहे. शाळा सुटल्यावर रसायनशास्त्र पुन्हा वाचावंसं ज्यांना वाटतं, आणि रहस्यकथा वाचता वाचता 'हे विष खरंच असं काम करतं का?' म्हणून जे थांबतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. वाचणं जड गेलं नाही. पुस्तक हातात पडणं फार जड गेलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझी बारावी कॉमर्सची, म्हणजे केमिस्ट्री दहावीलाच सुटली. रहस्यकथा मात्र सुटल्या नाहीत. आमचे भाऊजी अकोल्याहून येताना जुनी पुस्तकं आणायचे, त्यात अगाथा ख्रिस्तीचे मराठी अनुवाद असायचे. पहिल्या महायुद्धात ही बाई दवाखान्याच्या औषधखान्यात काम करत होती आणि 1917 मध्ये औषधं तयार करण्याची परीक्षा पास झाली होती. ते तिच्या लिखाणात दिसतं. 1920 साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत स्ट्रिक्नीन असलेल्या औषधात ब्रोमाइड मिसळलं जातं, त्याने स्ट्रिक्नीन हळूहळू तळाशी बसतं आणि बाटलीतल्या शेवटच्या डोसात सगळं विष एकदम येतं. खुनी कोण ते सांगत नाही. पण दहावीला दोन मार्कांसाठी पाठ केलेला 'अवक्षेप' तो हाच, हे मला तेव्हा कळलं. दोन पातळ पदार्थ एकत्र केले की तळाशी न विरघळणारा साका बसतो, एवढंच पाठ होतं. तो साका माणूस मारू शकतो हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

मग 2017 चा पावसाळा आला. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आमच्याकडेही घरचे लोक पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत जातात. तेव्हापासून औषधाचा डबा घरात आला की मी आधी लेबल वाचते. त्यावर 'ऑर्गॅनोफॉस्फरस' असा शब्द होता. एका परदेशी थरारक कादंबरीत दहशतवादी नर्व्ह गॅस सोडतात, तिथेही तोच शब्द भेटला. हे दोन्ही एकच कसं, हे मला जाणून घ्यायचं होतं. कादंबरी एवढंच सांगत होती की माणसं तडफडतात. का तडफडतात ते सांगणारं पुस्तक पाहिजे होतं.

इथून तालुक्याच्या वाचनालयाची गोष्ट सुरू होते. कोणत्या वाचनालयाची, ते लिहीत नाही.

सभासद होण्याचा अर्ज साधा होता: फोटो, आधारची झेरॉक्स, अनामत, वर्गणी. पण खाली एक ओळ होती, 'जामीनदाराची सही'. जामीनदार पगारदार पाहिजे, शेतकरी चालत नाही. सात-बारा माझ्या सासूबाईंच्या नावावर, घर स्वतःचं, तरी दीडशे रुपयांच्या पुस्तकासाठी नोकरीवाला माणूस शोधायचा! गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी सही केली. ते म्हणाले, "वहिनी, पुस्तक हरवलं तर मी भरतो, तुम्ही बिनघोर वाचा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडेही ही अट असेल तर शाळेतले गुरुजी, पोस्टमन, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका यांना विचारा.

कार्ड मिळालं. कादंबऱ्यांचं कपाट उघडं होतं, हवी ती काढा. विज्ञानाची पुस्तकं अभ्यासिकेत, काचेच्या कपाटात, कुलपात. टेबलावरच्या भाऊंनी विचारलं, "कोन्ती परीक्षा देऊन राहिल्या ताई?"

"परीक्षा नाई देत भाऊ, वाचाले पायजे."

"मंग कादंबरी न्या ना. ते पुस्तकं पोरायसाठी हायेत, एमपीएससीवाल्या."

मी म्हटलं, बरं, इथेच बसून वाचते. तर अभ्यासिकेची फी वेगळी आणि ती फक्त परीक्षा देणाऱ्यांसाठी. फी भरायचीही माझी तयारी होती. तेव्हा चाबी निघाली सचिवसाहेबांपाशी. सचिवसाहेब लग्नाला गेलेले. पुढच्या वेळी गेले तर ते अकोल्याला मीटिंगला. त्यानंतर पेरणी लागली. पेरणीच्या दिवसांत तालुक्याला जायचं म्हणजे सकाळची एसटी धरायची, दुपारी परत यायला गाडी नसते, ऑटोवाला सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. एवढं करून काचेतून पुस्तकाची पाठ दिसायची. आत विषशास्त्रावरचं एक जाडजूड मराठी पुस्तक उभं होतं. पुट्ठा कोरा करकरीत, आजवर कोणी नेलेलं नाही हे बाहेरूनच कळत होतं. शेजारी पोरं खरोखर परीक्षेचा अभ्यास करत होती, पण त्यांच्या टेबलावर चालू घडामोडी आणि गणिताची गाइडं होती. त्या कपाटातलं एकही पुस्तक कोणासमोर नव्हतं.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे: विषाने माणूस कसा मारला याची गोष्ट मला हवी तेवढी घरी नेता येत होती. ते विष शरीरात काय करतं आणि माणूस वाचवायचा कसा, हे सांगणारं पुस्तक मात्र कुलपात होतं. फवारणी आमच्या घरी होते. पुस्तकाची गरज कोणाला आहे, हे टेबलावर बसून ठरवायचं नसतं.

शेवटी मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. 'मी या वाचनालयाची सभासद आहे. खालील पुस्तक मला घरी वाचायला मिळावं. देता येत नसेल तर कोणत्या नियमाने, ते लेखी कळवावं.' दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच मागितली. आवाज चढवला नाही. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांची तपासणी होते, अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि पुस्तकांची देवघेव किती झाली हे तिथे पाहिलं जातं, एवढंच मी बोलले. भाऊ कागद घेऊन आत गेले. पुढच्या खेपेला चाबी टेबलाच्या खणातून निघाली.

पुस्तक पिशवीत टाकलं तेव्हा मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

अर्जात पुस्तकाचं नाव लिहिता आलं नाही तर नंबर लिहा. बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई दशांश पद्धत असते: 540 म्हणजे रसायनशास्त्र, 547 सेंद्रिय रसायन, 615.9 म्हणजे विषशास्त्र. नंबर सांगितला की समोरचा माणूस तुम्हाला परीक्षेबद्दल विचारत नाही, हे मी पाहिलं आहे.

पुस्तकात जे मिळालं त्याने कादंबरीही नवी झाली. 1936 मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ पिकांवरच्या किडीसाठी औषध शोधत होता, त्यातून टॅबून हा नर्व्ह गॅस निघाला आणि 1938 मध्ये तसाच दुसरा, सारिन. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 1995 मध्ये सोडला तो हाच सारिन. आपल्या स्नायूंना आकसण्याचा आणि ग्रंथींना पाझरण्याचा निरोप अॅसिटिलकोलीन नावाचं शरीरातलं रसायन देतं आणि निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतं. ऑर्गॅनोफॉस्फरस विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. किडीतही हेच होतं, माणसातही हेच. दवाखान्यात अॅट्रोपिन देतात ते याच निरोपाला अडवायला. म्हणून फवारणीनंतर कोणाला असं झालं तर ओले कपडे काढून अंग साबणाने धुवा, लगेच दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा किंवा निदान लेबल सोबत न्या. डॉक्टरांना कोणतं विष आहे ते कळलं पाहिजे. लेबलावरच्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर ते सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

वाचताना मी एक पद्धत ठेवली आहे. कादंबरीत रसायन आलं की पान दुमडायचं नाही, वहीत नाव लिहायचं आणि गोष्ट संपल्यावर ते शोधायचं. बहुतेक नावं मराठी विश्वकोशात सापडतात. वाईहून निघालेला हा कोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. यातून बऱ्याच कादंबऱ्यांचं खोटं उघडं पडतं. रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून नाकाला लावला की क्षणात माणूस आडवा होतो, हे चूक आहे. शुद्ध जायला काही मिनिटं लागतात, तीही सतत हुंगत राहिलं तर. सायनाइडचा कडू बदामाचा वास सगळ्यांना येतच नाही, तो ओळखण्याची क्षमता जन्मजात असते किंवा नसते.

आणि खऱ्या गोष्टी कादंबरीला मागे टाकतात. इंग्लंडमध्ये 1832 मध्ये जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने विषप्रयोगाच्या एका खटल्यासाठी आर्सेनिक हे विष शोधून दाखवलं, पण ज्यूरीसमोर न्यायच्या आत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. चिडून त्याने 1836 मध्ये अशी चाचणी काढली की काचेवर आर्सेनिकचा काळा चकचकीत थर उमटतो, तो कोणालाही दाखवता येतो. मार्शचा तो राग मला चांगला समजतो.

दहावीचं काही आठवत नसेल तर बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं आधी वाचा. तीही मोबाइलवर फुकट उतरवता येतात. मूलद्रव्य, संयुग, आम्ल, आम्लारी एवढं पक्कं झालं की जाड पुस्तकाची भीती राहत नाही.

सध्या मला आमच्या मातीचं रसायन वाचायचं आहे. खारपाणपट्ट्यात मातीच्या कणांना सोडियम धरून असतो, पाणी पडलं की कण विस्कटतात, वावर चिकट होतं आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो. हे का होतं ते मला नीट, सविस्तर पाहिजे. वाचनालयाच्या मागणी वहीत पुस्तकाचा विषय लिहून, सही करून तारीख टाकून आले आहे. तुमच्याकडे अशी वही नसेल तर साध्या कागदावर मागणी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.