लाईट गेल्यावर

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि जाताना त्याची गिटार आमच्याकडे टाकून गेला. "मामा, नुसती कपाटावर ठेवू नकोस, वाजव," म्हणाला. पन्नाशी उलटल्यावर अशी वाक्यं कुणी मनावर घेऊ नयेत. मी घेतली.

वाजवायच्या आधी ती लावावी लागते, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तंबोरा लावतात हे माहीत होतं. आत्याला रोज पहाटे खुंट्यांशी झटताना लहानपणापासून बघतोय. पण गिटार म्हणजे दुकानातून आणली की तयार वस्तू, मिक्सरसारखी, असा माझा समज. सहा तारा, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. नंबर मात्र उलटे, बारीक ती पहिली, जाड ती सहावी. भाच्याने मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं होतं. तार छेडायची, सुई मधोमध येऊन हिरवी झाली की झालं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटांवर. गल्लीत यंत्रमाग. सकाळपासून खटाखट, खटाखट. आम्हाला तो आवाज ऐकू येत नाही, पाहुण्यांना येतो. मोबाईललाही येतो, हे नव्याने कळलं. मी तार छेडली की सुई एकदा मागाचं ऐकायची, एकदा माझं, आणि मग दोघांच्या मध्येच कुठेतरी थरथरत राहायची.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मग कानाने लाव. जाड तार बरोबर आहे असं धर. ती पाचव्या फ्रेटवर दाबलीस की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर येतो. असंच पुढे. फक्त तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबायची." फ्रेट म्हणजे दांडीवरचे आडवे पडदे, सतारीला असतात तसे. हे 'फक्त' मी पुढचे आठ दिवस विसरत होतो.

कानाने लाव म्हणणं सोपं आहे. तसा सोलापूरकराचा कान तयारच असतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि येण्याआधी नळ नुसती हवा सोडत फुसफुसणार. ती फुसफुस आमच्या घरात गाढ झोपेतही सगळ्यांना ऐकू येते. पण दोन सूर सारखे आहेत की नाहीत, हे त्या कानाला सांगता येईना. वेगळे आहेत एवढं कळायचं. पण कुठली तार चढी आणि कुठली उतरलेली? मी अंदाजाने खुंटी पिळायचो. एकदा तर पहिली तार छेडत होतो आणि पिळत होतो दुसरीची खुंटी. सूर बदलत का नाही म्हणून आणखी पिळली, आणखी पिळली. ताड्! दुसरी तार तुटून गालावर बसली. नवी आणायला नवी पेठेत गेलो, तर दुकानदाराने गालाकडे बघून न विचारताच दोन दिल्या.

मग एप्रिलात एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, आणि पाठोपाठ गल्लीतले माग एकेक करत बसले. अशी शांतता पडली की समोरच्या घरातलं भांडं कुणी ठेवलं तेही कळलं. गिटार मांडीवर होतीच. जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबून छेडली, लगेच पाचवी मोकळी छेडली, आणि दोन्ही वाजू दिल्या. तेव्हा ते ऐकू आलं. वाँव, वाँव, वाँव. दोन्ही तारांच्या मधोमध तिसरंच कुणीतरी श्वास घेत होतं.

हे नंतर समजून घेतलं. पाचव्या तारेची कंपनं सेकंदाला ११० हवीत. तिची १०७ होत असतील आणि शेजारणीची ११०, तर एकत्र आवाज सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि बसतो. खुंटी पिळून १०९ वर आणली की एकदाच. जवळ येऊ तसं ते वाँव लांबत जातं, वाँऽऽव, वाँऽऽऽऽव, आणि मग थांबतं. म्हणजे सूर ओळखायचाच नव्हता. दोघींचं भांडण ऐकायचं होतं, ते मिटेपर्यंत. इतके दिवस मी एकीला वाजवून गप्प करत होतो आणि मग दुसरीला विचारत होतो.

खाली ओट्यावर अण्णा वारा घेत बसले होते. उभा जन्म मागावर गेला, आता मुलगा बघतो. मी आनंदाने गिटार घेऊन खाली गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग नखाने सहाही तारांवरून एक रेघ ओढली आणि चौथीवर बोट ठेवलं. "ही ढिल्ली हाय की."

मी तपासलं. होतीच. सावलीतून उन्हात आणल्यावर तार तापून सैल पडते, सूर उतरतो, हे एक कारण. पण अण्णांना कसं कळलं? "ताण्यावरनं हात फिरवला की ढिला धागा बोटाला कळतोय. हितं तर सहाच हायत." चादरीच्या ताण्यात धागे हजारांनी असतात. एक ढिला राहिला तर काय होतं, विचारलं. "कापडात दिसतंय. धुतलं तरी जात नाही."

तासाभराने लाईट आली, माग सुरू झाले, आणि गंमत म्हणजे आता त्या खटाखटीतही ते वाँव सापडायला लागलं. गिटारच्या लाकडाला कान टेकवायचा, बस्स.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा आत्याने केला.

आत्या चौऱ्याहत्तरची. मिरजेचा तंबोरा, चाळीस वर्षं त्याच खर्जात बसलेली. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, तो तिच्या कानात मुरलेला. मी तिच्यापुढे जी आणि बी या दोन मोकळ्या तारा एकदम वाजवल्या. षड्ज आणि गंधारच म्हणा, सा आणि ग. आत्याने तोंड वाकडं केलं. "गंधार चढाय तुझा."

"अगं, बरोबर लावलाय. वाँव थांबलंय."

"चढाय."

आणि चढा होताच. जी १९६ असेल तर तंबोऱ्यातला गंधार २४५ वर येतो. गिटारची बी असते २४६.९४. कारण गिटारवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेत, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून. पेटीचंही तेच, आणि आत्या पेटीलाही घरात येऊ देत नाही. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, ती उठवली हेच चुकलं, असं तिचं मत आहे.

मी तिच्या समाधानासाठी बी खाली घेतली. ती मान हलवेपर्यंत, अगदी केसभर. आणि जीचा कॉर्ड, म्हणजे जुळणारे सूर एकदम, वाजवला. काय सांगू! आत्याने डोळे मिटले. मग मी सीचा कॉर्ड वाजवला. तिने डोळे उघडले.

"हे काय होतं?"

हे तिच्याच गंधाराने केलेलं होतं. उतरवलेल्या त्याच तारेवर पहिल्या फ्रेटला आता सी वाजत होता, तोही तेवढाच उतरलेला. एका पट्टीत गोड करायला गेलो की दुसऱ्या पट्टीत कडू होतं. तिला सांगून पाहिलं. "मग त्या पट्टीत वाजवू नकोस," ती म्हणाली. तंबोरेवाल्यांचं हे बरं असतं.

आता ती समोर असली की मी फक्त जी वाजवतो. ती आत जपाला बसली की दुसरी तार हळूच, आवाज न करता, होती तिथे चढवून ठेवतो. खुंटी जेमतेम हलते. गल्लीत माग खटखटत असतात, आतून माळेचे मणी सरकत असतात.

"हलवलीस ना?" आतून आवाज येतो.