उजेड शिल्लक ठेवण्याचा सराव : अकराव्या रात्रमुक्कामाची नोंद

पहिल्या काही मुक्कामांच्या नोंदी आज पुन्हा वाचून काढल्या. त्यांत मी किती किलोमीटर चालले आणि सॅकचे वजन किती होते हे प्रत्येक वेळी नेमाने लिहिलेले आहे. पण तंबू उभा राहिला तेव्हा सूर्य मावळायला किती वेळ बाकी होता, हे एकदाही लिहिलेले नाही. आता मी नोंदवहीत हाच आकडा सर्वांत आधी लिहिते. अकराव्या मुक्कामाला तो १ तास ५० मिनिटे होता, आणि जंगलातल्या मुक्कामाच्या बाबतीत ही मी माझी आजवरची सर्वांत मोठी प्रगती मानते.

ही सवय लागली ती चौथ्या मुक्कामानंतर. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला एक चांगली सपाट जागा लागली होती. पण ठरवलेले अंतर पुरे व्हायला तीन किलोमीटर बाकी होते, म्हणून मी पुढे निघाले. पुढची पायवाट पडलेल्या झाडांनी जागोजागी अडवलेली होती. त्या तीन किलोमीटरना अडीच तास लागले आणि शेवटी हेडटॉर्चच्या उजेडात, घळीच्या तळाशी, ओढ्याला लागूनच तंबू ठोकावा लागला. रात्री थंड, जड हवा उतारांवरून खाली येऊन त्याच घळीत साचली, तंबूच्या आतल्या कापडावर पाणी धरले आणि पिसांची स्लीपिंग बॅग ओली होऊन चपटी झाली. पिसांची ऊब खरे तर त्यांत अडकलेल्या हवेची असते. फुगवटा गेला की ऊबही जाते. सकाळी वर पाहिले, तर एक वाळलेली, तुटकी फांदी दुसऱ्या फांदीला अडकून तंबूच्या बरोबर वर लोंबत होती. रात्री वारा सुटला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. दिवसाउजेडी नुसती मान वर केली असती तरी ती दिसली असती.

उजेड शिल्लक राहायचा असेल, तर चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज निघण्याआधीच बांधावा लागतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा मी त्याच्या आजच्या मेट्रिक रूपात वापरते : दर ५ किलोमीटर अंतराला १ तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. अंतर १२ किलोमीटर आणि चढ ९०० मीटर असेल, तर हिशेब ३ तास ५४ मिनिटांचा येतो. माझ्या प्रत्यक्ष वेळा याच्याशी ताडून पाहिल्यावर असे दिसले की पाठीवर मुक्कामाचे ओझे असताना मळलेल्या वाटेवर हा आकडा दीडपट आणि वाट नसलेल्या झाडोऱ्यात अडीचपट धरावा लागतो. हे गुणक माझ्या चालीचे आहेत. प्रत्येकाने ते स्वतःच्या नोंदींवरून काढावेत. हिशेबातून थांबण्याची वेळ ठरली की ती मी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवते, कारण थकलेल्या मनाला ती ऐन वेळी पुढे ढकलावीशी वाटतेच.

या वेळी थांबल्यावर सॅक उतरवून ठेवली आणि पहिली पंधरा मिनिटे रिकाम्या हातांनी नुसती फिरले. पहिली जागा मऊ आणि सपाट होती, पण एका वाळलेल्या झाडाच्या टप्प्यात येत होती. दुसऱ्या जागेभोवतीच्या झुडपांत कमरेइतक्या उंचीवर काटक्या आणि पाचोळा अडकलेला होता, म्हणजे ओढ्याचे पाणी कधीतरी तिथवर चढले होते. ती तिथेच बाद केली. तिसरी जागा ओढ्यापासून चाळीसेक मीटर उंचीवर, डोंगराच्या सोंडेवरच्या एका लहान टप्प्यावर होती. नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे एकमेकींपासून जरा दूर गेल्या होत्या, तिथे असा टप्पा असावा असे मी आधीच धरले होते, आणि तो अंदाज खरा ठरला याचा आनंद वेगळाच होता. तंबू लावण्याआधी जमिनीवर पाठ टेकून पाहिले. डोळ्यांना न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो, आणि मग डोके चढाच्या बाजूला ठेवता येते. सकाळी सहा वाजता तंबूपाशी तापमान ७ अंश होते आणि पाणी आणायला ओढ्यावर उतरले तेव्हा तिथे ते ३ अंश भरले.

सामानात या वर्षी मी एकच मोठा बदल केला आहे. थंडी वाजते म्हणून जाड स्लीपिंग बॅग घ्यावी असे पूर्वी वाटे. पण अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग फुगूच शकत नाही, त्यामुळे जमिनीकडे जाणारी उष्णता अडवण्याचे काम खाली अंथरलेल्या कॅरीमॅटलाच करावे लागते. मॅटची उष्णतारोधकता आर-मूल्याने मोजतात. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० ही प्रमाणित चाचणी आली आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले. ही मूल्ये एकमेकांत मिळवता येतात, म्हणून मी २ मूल्याच्या फोमच्या मॅटवर ३ मूल्याची हवेची मॅट अंथरते. हवेची मॅट फुटली तरी खाली फोम राहतो, हा मला त्यातला मोठा दिलासा वाटतो.

कडाक्याच्या थंडीत पाणी गाळण्याचा फिल्टर मी उशाशी नव्हे, तर स्लीपिंग बॅगेतच ठेवते. त्याच्या पोकळ तंतूंत पाणी गोठले की ते तडकतात, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. शंका आली की पाणी खळखळून एक मिनिट उकळावे आणि २००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटे. स्टोव्हच्या गॅसचा डबाही त्याच बॅगेत जातो, कारण ब्युटेन शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली उकळतो आणि त्याहून जास्त थंडीत त्याचा दाबच तयार होत नाही. स्टोव्ह मात्र कितीही पाऊस असला तरी बंद तंबूत पेटवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

होकायंत्राच्या बाबतीत माझी गती अजून मंद आहे. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक वजा करायचा की मिळवायचा, यात मी दोनदा चुकले. पाच अंशांची चूक दोन किलोमीटरवर सुमारे १७५ मीटर बाजूला नेते, आणि दाट झाडीत तेवढ्यात अख्खी पायवाट हुकते. आता जिथे ओढा किंवा धार आडवी येते तिथे मुद्दाम एका बाजूला झुकते बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची चालायची दिशा, धरते, म्हणजे तिथे पोहोचल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, हा प्रश्न उरत नाही.

सुरक्षिततेच्या सामानात शिट्टी सॅकमध्ये न ठेवता गळ्यात अडकवली आहे. मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा, हा मदतीचा संकेत तोंडपाठ असावा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन इशारे येतात. ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा आपत्कालीन बीकनही, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारे लहान यंत्र, आता बरोबर असतो. तरीही वाट, मुक्कामाची जागा आणि कोणत्या वेळेपर्यंत परतीचा निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे कागदावर लिहून घरी देणे मी बीकनपेक्षा महत्त्वाचे समजते. या वेळी ठरलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटे आधी निरोप दिला.

पावसात आतला तंबू न भिजवता तंबू उभारणे मला अजून साधलेले नाही. बाहेरचे कापड आधी ताणून त्याच्याखाली आतला भाग टांगण्याची पद्धत कोरड्या दिवशी तीनदा करून पाहिली आहे. सर्वांत चांगली वेळ ११ मिनिटे आली. बाराव्या मुक्कामासाठी पावसाचा अंदाज असलेलाच दिवस निवडला आहे, आणि अंतर मुद्दाम सात किलोमीटरच ठेवले आहे.